आमी घर रांगून बघितलं

मु. पो. बेंबळी
चैत्र महिना, ऊन कलायच्या आधी

सौभाग्यवती विहीणबाई गजराबाई यांना केशरबाईचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरंच वाकून. आमच्या घरात सध्या सगळीच वाकून हिंडत्यात, त्याचं कारण पुढं येईल.

इकडं देवीच्या दयेनं सगळी जितीजागती हायेत. तुमच्या कपाळावरचं टेंगूळ बसलं का? पायाची सूज उतरली का? श्रीपती व्याह्यांचा खोकला थांबला असंल तर त्यांना आमचा नमस्कार, अन् थांबला नसंल तर अडुळशाचा काढा. भूमला पाण्याची तंगी हाय असं ऐकलं. इकडंबी तेच. आमचा आड कोरडा पडला. त्यात डोकावलं की पहिलं आभाळ दिसायचं, आता नुसती माती दिसती. टँकर येतो. येतो म्हणजे यायचा असतो. आमी बाया घागरी रांगंला लावून लिंबाखाली बसतो, अन् समोरच्या माळावर ऊन असं हलतं की वाटतं तिकडं तळंच भरलंय. त्या तळ्याच्या काठानं एखादी बाई येताना दिसली की तिच्या कडंवर लेकरू हाय का, तेवढंच मी बघते. जवळ आली की कडंवर घागर असती.

सत्यभामेचं कार्ड पोचलं. तुमची लेक अन् आमची सून, गुणाची हाय पण लिवायला लई कंजूष. "मुक्ता रांगायला लागली" एवढंच लिवलं. मला तेवढं पुरं झालं. म्या ते कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं, शेजारच्या सखूबाईला दाखवलं, अन् कुणीच उरलं न्हाय तवा शेळीला दाखवलं. शेळीनं कोपरा खाल्ला, पण मजकूर वाचला. (मजकूर शाबूत ऱ्हायला म्हणते मी. शेळीला वाचता येत न्हाय, अजून प्रौढ वर्गात तिचं नाव घातलं न्हाय.)

आता मुद्दा. तो तुमालाबी ठावा हाय. मुक्ता पाचव्या महिन्यात आमच्याकडं यायची व्हती, अन् त्याच्या आधी संक्रांतीला तुमी वाण घिऊन आलात. आमचं दार ठेंगणं, चौकटीला तुमचं कपाळ लागलं. (आत येणाऱ्यानं मान लववावी म्हणून दार ठेंगणं ठिवायची जुनी रीत. आमच्या मामंजींनी घर बांधताना मान लववायचा विचार केला, विहिणीच्या उंचीचा केला न्हाय.) कपाळ धरून तुमी मागं सरलात, तर पाय जमिनीतल्या उखळात. उखळातनं पाय काढायला आधार घेतला, तर नेमका तिळाच्या पोळीच्या तव्याचा. एवढं झाल्यावर तुमी यष्टीत चढताना म्हणलात, "ज्या घरातनं विहीण धड भाएर निघत न्हाय, त्या घरात माझी नात मी रांगायला धाडणार न्हाय." अन् कंडक्टरनंबी तुमच्याच बाजूनं घंटी वाजवली.

मला राग आला न्हाय, विहीणबाई. जरासा आला, तो येडशीच्या पुढं तुमची गाडी गेली असंल तवा उतरला. पण माझा जीव एका गोष्टीत अडकलाय. आमच्या घरात रीत हाय की रांगतं लेकरू आपल्या मनानं पहिल्यांदा उंबरा ओलांडतं, तवा आजीनं त्याच्या कानात त्याचं नाव सांगायचं अन् गल्लीत गूळ-खोबरं वाटायचं. ज्या घरचा उंबरा लेकरू पहिल्यांदा ओलांडतं, त्या घराची वढ त्याला जन्मभर ऱ्हाती म्हणत्यात. मुक्ता आज रांगायली, उद्या उंबऱ्याला हात लावंल, परवा पलीकडं. म्हणून तिच्या आधी माझं घर तिच्याजोगं झालं पायजे, हा ध्यास मला लागला. तो कसा पुरा केला ते सांगते. पाणी पिऊन बसा. (तुमच्याकडं असंल तर.)

दुपारी बायांचा प्रौढ वर्ग भरतो. तिथं उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या अन् घरातल्या घरात माणसाला काय काय इजा व्हती त्यावर बोलल्या. भाजणं, पडणं, रॉकेल पिणं, फवारणीचं औषध खायच्या डब्याशेजारी ठिवणं. म्हणल्या, घरातल्या इजा वय बघत न्हाईत. लेकरू रांगताना पडतं, बाई घाईत भाजती, म्हातारं मोरीत घसरतं. (मोरीचं आमाला भ्याव न्हाय. घसरायला आधी पाणी सांडावं लागतं.) शेवटाला म्हणल्या, "लेकराच्या नजरेनं आपलं घर एकदा बघा." बाकीच्या बाया व्हय व्हय म्हणून उठल्या. मी घरी आले, पदर खवला, अन् दारातच चार पायांवर झाले.

काय सांगू विहीणबाई! ह्याच घरात मी लगीन होऊन आले, ह्याच जमिनी सारवल्या, पण हे घर म्या कवा बघितलंच नव्हतं. खालनं घर केवढं मोठं असतं! कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड तुळजापूरच्या कळसावाणी वर वर जाती. खाटंखाली एक येगळंच गाव हाय, तिथं गार वारं ऱ्हातं, माझी हरवलेली फणी ऱ्हाती, अन् एक मुंगळ्यांची वाट हाय, ती कुठनं कुठं जाती ते त्यांनाच ठावं. सारवलेल्या भुईला नाक लावलं की पावसाचा वास येतो, पाऊस नसला तरी. वरच्या सवण्यातनं, म्हणजे माळवदाच्या मातीच्या छतातल्या भोकातनं, उन्हाचा एक गोल कवडसा भुईवर पडतो. तो रोज पडतो, मी रोज त्याच्यावरनं चालते. त्या दिशी पहिल्यांदा त्याच्याजवळ बसले. त्याच्यात धूळ पोहत व्हती, सोन्याच्या भुश्यागत. म्या हात घातला तर माझ्या सुरकुत्याबी सोन्याच्या झाल्या. कवडसा हळूहळू सरकत व्हता, जसं कुणी इवलंसं रांगतंय अन् मागं वळून मला ये म्हणतंय. मी त्याच्यामागं निघाले. मला वाटलं, मुक्ता आली की हेच धरायला जाईल. अन् जाईल ती कुठं, म्हणून पुढं बघितलं, तर तो कवडसा सरळ पेवाच्या तोंडाकडं चालला व्हता.

 आमच्या सोप्यात पेव हाय, जोंधळा ठिवायचं, भुईत खोल खांदलेलं. भरलेलं असलं की त्याच्या तोंडावर फरशी असती, वरनं शेणमातीचा लेप असतो, बैल चालला तरी काय व्हत न्हाय. पण पीक न्हाय, म्हणून पेव रिकामं, अन् रिकामं म्हणून उघडं. रिकाम्याला कोण झाकतंय? आमी मोठी माणसं त्याला वळसा घालून जायचो, तो वळसा पायाला इतका सवईचा झालेला की पेव हाय हेच इसरलेलो. म्या पालथं पडून आत बघितलं. काळंशार, गार. उगीच "मुक्ताऽ" म्हणून हाक दिली. पेवानं हाक जरा येळ ठिवून घेतली, अन् मंग माझाच आवाज लहान लेकराचा करून वापस दिला. मी तिथंच बसून रडले, अन् रडता रडता हसलेबी, कारण तो आवाज लई गोड व्हता.

तेवढ्यात मुक्ताचे आजोबा तात्याराव आले. (नाव तोंडानं घेत न्हाय, लिवलेलं चालतं, असं माझं म्याच ठरवलंय.)

म्हणले, "काय हरवलं?"

म्हणलं, "काय न्हाय. घर बघायले."

"इतकी वरसं काय बघत व्हतीस?"

म्हणलं, "वरनं बघत व्हते. तुमीबी खाली या."

माणूस ऐकण्यातला हाय, आला खाली. पण खाली आल्यावर त्यांचे गुडघे धरले, वर जाईनात. तसेच चार पायांवर उभे ऱ्हायले, म्हणले जरा असंच हिंडतो. तवर सखूबाई विरजण मागायला दारात. तिनं आमाला बघितलं, वाटी खाली ठिवली, अन् कायबी न इचारता-पुसता तीबी रांगायला लागली. बराच येळ आमी तिघं रांगत व्हतो. मंग गल्लीतली कोंडाबाई आली, तिनं सखूबाईला बघून पदर खवला. चूल, खाट, उतरंड, सगळीकडं चार म्हातारी माणसं गुडघ्यांवर, अन् कुणी कुणाला बोलत न्हाय. शेवटाला कोंडाबाईनं माझ्या कानाशी येऊन इचारलं, "नथीचा मोती का डोरल्याचा मणी?" तवा म्या सांगितलं की मोती न्हाय, मणी न्हाय, मी माझ्या नातीचे डोळे लावून बघायले. सखूबाई म्हणली, "मेले, आधी सांगायचं न्हाय व्हय? मी तुझ्या मण्यासाठी कोपरं सोलून घेतली!"

भितीशेजारच्या बाजंवरनं आमच्या सासूबाई दगडाबाई (तुमी त्यांच्या पाया पडला, तवा त्यांनी तुमाला तुमच्या आजीच्या नावानं हाक मारली व्हती, त्या) म्हणल्या, "गं केशर, समद्याजणी लोटांगणाला निघाल्या का? मंग मलाबी घ्या." त्यांना इचारलं की तुमी या घरात उभा जन्म काढला, तुमाला कवा इजा झाली का? म्हणल्या, "कायबी न्हाय. लई गुणाचं घर. बोट चेचलं ते उखळात, पाय भाजला तो चुलीत, अन् कंबर गेली ती जिन्यावर. घराचा काय दोष?"

अन् अशात महारुद्र आला. तो दूध संस्थेत दूध मापतो, तुमचा जावई हाय, त्याचं कौतुक तुमाला सांगायला नको. सत्यभामा बाळंतपणाला माहेरी गेल्यापासनं त्याचं ध्यान नसतं. पेंड आणायच्या निमित्तानं तो भूमला किती खेपा घालतो तुमी बघताच. तेवढी पेंड खायला आमच्याकडं तेवढी जनावरंबी न्हाईत. तो भर उन्हातनं अंधारात आला, हातात दुधाची चरवी, अन् त्याचा पाय आडवा लागला बापाला. चरवी उडाली. दुष्काळातलं दूध, विहीणबाई, कवडशातनं असं पांढरंशुभ्र वाहत गेलं की क्षणभर आमी सगळी बघतच बसलो, जशी चांदण्याची नदी सोप्यातनं चाललीय. मांजराला असलं काय सुचत न्हाय. ते आधी पोचलं. पण एक फायदा झाला. बाप अन् लेक एकावर एक पडले त्यात बापाचे गुडघे सुटले.

दुसऱ्या दिशीपासनं कामाला लागलो. पहिलं रॉकेल. चिमणीची बाटली चुलीमागं भुईवरच असायची, अन् मुक्ताच्या बाळघुटीच्या बाटलीची मावसबहीण शोभंल अशी. मुक्ताच्या आजोबांनी ती पार वर, तुळईच्या बेचक्यात नेऊन ठिवली. लेकराचा हात पोचत न्हाय. आमचाबी न्हाय. संध्याकाळी चिमणी लावायला ते कणगीवर चढले, अन् कणगी म्हणजे तुराट्यांची, पीक न्हाय म्हणून आतनं रिकामी. झाकण मोडून गेले आत. मी टँकरला. घरात एकट्या सासूबाई. कणगीतनं घुमून घुमून हाक येती, "अगं, मला काढा... मी हितं आत हाय..." सासूबाईंना वाटलं आमचे वारलेले मामंजी बोलवायलेत. मी आले तर बाई बाजंवर उठून बसलेली, केसाला तेल लावलेलं, कपाळाला बुक्का, अन् लाजून कणगीला म्हणती, "आले, आले. इतकी वरसं दम धरला, आता जरा येळ दम धरा की." मला त्यांना खरं सांगायचं जीवावर आलं, विहीणबाई. त्यांचा चेहरा इतका कवळा झाला व्हता. म्या कणगीतनं म्हातारं काढलं, तवा सासूबाई त्यांच्याकडं बघून नाराज झाल्या अन् म्हणल्या, "तू व्हय रे!"

मंग पेव. इथं मात्र आमच्या म्हाताऱ्यांनी आमच्या जातीची चूक केली. शेतकऱ्याला जपायचं म्हणलं की काटं सुचतं. पीक जपायचं, काटं लावा. कडब्याची गंज जपायची, काटं लावा. माणूस मेला, पुरला, तरी वरनं काटं. तसं ह्यांनी बाभळीच्या हिरव्या काटेरी फांद्यांनी गाडी भरून आणली, अन् पेवाला काटं, आडाला काटं, उखळाला काटं, जिन्याच्या पायरीला काटं. घरात पाऊल ठिवायला जागा ऱ्हायली न्हाय. महारुद्र अंगठ्यात काटा घिऊन दूध मापायला गेला, सखूबाईचं लुगडं फाटलं, मला चुलीपतोर जायला भितीला घासून जावं लागायचं. म्या म्हणलं, "अवो, ही जपणूक व्हय का? लेकरू पेवात पडायचं वाचंल अन् काट्यावर पडंल." म्हणले, "काट्याचं ज्ञान लेकराला एकदाच व्हतं, पुन्ना लागत न्हाय." पण बाभळीचा पाला हिरवा, अन् चैत्रात पंचक्रोशीत हिरवं एवढंच. सकाळी दार उघडलं तर गल्लीतल्या सगळ्या शेळ्या आमच्या दारात. आत घुसल्या, सोप्यात, माजघरात, एक जिन्यावर. घरात सगळीकडं हळूहळू पाला चावल्याचा आवाज, जसा बारीक पाऊस पडतो तसा. आमी दोघं बाजंवर पाय वर घिऊन तो पाऊस ऐकत बसलो. कुणाला हाकलावंसंच वाटंना.

शेवटाला चन्नबसप्पा पाथरवटाला बोलावलं. त्यानं पेवावर अशी फरशी बसवली की माझ्यानं हलत न्हाय, महारुद्राच्यानं हलत न्हाय. उखळाला अन् आडाला लाकडी झाकण. रॉकेल अन् फवारणीचं औषध येगयेगळ्या कोनाड्यात, माझ्या खांद्याच्या वर, दाराला कडी. जिन्याला खालनं आडव्या फळीचा आडणा. सवण्यावर जाळी, माळवदावर कुणी खेळंल तर खाली यायचं न्हाय. अन् चौकटीला तुमच्या कपाळाच्या उंचीवर चिंध्यांची उशी बांधली, वरनं खणाचं कापड. दिसायला तोरणागत दिसती. उंच माणूस आलं की त्याला आधी मऊ लागतं, मंग दार हाय हे कळतं. सासूबाईंसाठी बाजंपासनं मोरीपतोर भितीला दोर बांधला. त्या दोर धरून आता घरभर फिरत्यात, अन् प्रत्येक खेपंला कणगीपाशी जरा थांबत्यात. लेकरासाठी घर नीट करायला निघालो अन् म्हातारीला पाय फुटले.

आता ह्या घरात इजा व्हायला जागाच उरली न्हाय. मी रोज दुपारी कवडसा फरशीवर येतो तवा तिथं बसते. फरशी कोमट व्हती. तिच्यावर हात ठिवला की वाटतं, उद्या इथं इवल्या तळव्यांचे ठसे पडतील. म्हणून हात जोडून सांगते, बाजारच्या यष्टीनं मुक्ताला अन् सत्यभामेला धाडा. तिला आमचा उंबरा आधी ओलांडू द्या. तवर भूमच्या उंबऱ्यापाशी एखादं पोतं आडवं टाका, म्हणजे आमच्यावर उपकार व्हतील.

व्याह्यांना नमस्कार. मुक्ताच्या दोन्ही गुडघ्यांना माझा मुका.

तुमची विहीण,
केशरबाई

ता. क. वरचं पत्र काल लिवलं. लिवून झालं तवर नर्सबाई घर बघायला आल्या. सगळं बघून खुश झाल्या, माझ्या पाठीवर हात ठिवला, अन् शाबास म्हणत भाएर निघताना उंबऱ्याला अडखळून अंगणात पडल्या. लागलं न्हाय. पण मुक्ताचे आजोबा त्या उंबऱ्याकडं ज्या नजरेनं बघत ऱ्हायले, तवाच म्या वळखायला पायजे व्हतं. आज सकाळी मी टँकरला गेले, अन् त्यांनी कोंडीराम सुताराला आणून उंबराच काढून टाकला. मी आले तर दारात उभे, घामाघूम, हसायलेत, म्हणले, "आता लेकराला अडायला कायच न्हाय." म्हणलं उंबऱ्यावर बसून रडावं, तर उंबरा न्हाय. कोंबड्या सरळ आत येत्यात, सरळ भाएर जात्यात.

आणखी ता. क. कोंडीराम म्हणतो, नवा उंबरा आखितीशिवाय, म्हणजे अक्षय्य तृतीयेशिवाय, बसवता येत न्हाय, मुहूर्त लागतो. मुक्ता मुहूर्त बघंल का? म्हणून वरचं सगळं खरं असलं तरी आत्ताच धाडू नका. पोतंबी काढून टाका. तिला तुमचाच उंबरा ओलांडू द्या. भूमची वढ लागली तर लागू द्या, तिच्या आईलाबी तीच हाय, अन् सध्या तिच्या बापालाबी. फकस्त मला बोलवा. गूळ-खोबरं बांधून ठिवलंय, महारुद्र पेंडीला येईल तवा मी त्याच्या संगं येते. तुमचं घर मी रांगून बघणार न्हाय, देवीची आण. फार तर एकदाच.

अन् मी येईपतोर तिला दाराशी नेऊ नका. मी आले की आतल्या अंगाला तुमी बसा, भाएरच्या अंगाला मी बसते. तुमी सोडा, मी धरते.